धुराला वाट

आमच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे माझे एक स्नेही आहेत. गेली अठरा वर्षे स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी-शेजारी आहेत आणि या अठरा वर्षांत एकाही विषयावर आमचे एकमत झालेले नाही. तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, गेल्या वर्षी ऑक्टोबरात सहामाही परीक्षा आटोपल्यावर त्यांनी आपल्या मावशींच्या महाबळेश्वरच्या बंगल्याची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"मावशी रविवारी वर येणार आहे. दिवाळीपूर्वी एकदा घर बघून जाते. तोवर चार दिवस खुशाल राहा. फक्त कशाला हात लावू नका."

ही शेवटची सूचना मराठीच्या प्राध्यापकाला करण्याचे खरे तर कारण नव्हते. माझ्या हाताने खडूखेरीज घरातली दुसरी कुठलीही वस्तू आजवर हललेली नाही, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे, आणि त्या मताला पुरावाही भरपूर आहे. पण माणसाचे वाटोळे व्हायचे असले म्हणजे त्याला नेमका थंड हवेच्या ठिकाणी उत्साह येतो.

आम्ही चौघे गेलो. मी, सौभाग्यवती, कॉलेजात पहिल्या वर्षाला असलेली कन्या आणि माझी आई. आईचे वय एकाहत्तर. तिला गेली काही वर्षे दम लागतो; जिना चढताना ती मध्येच थांबते आणि थांबलो आहोत हे कुणाला कळू नये म्हणून कठड्यावरून खाली कुणी आहे का ते पाहते. मोकळ्या हवेत तिला बरे वाटेल, हा एक हेतू होता.

बंगला जुना, साहेबी थाटाचा. १८२९ साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून हा डोंगर मोबदला देऊन घेतला आणि त्यानंतर या माथ्यावर जांभ्या दगडाचे बंगले उठू लागले. जांभा हा मोठा गमतीचा दगड आहे. खाणीतून काढताना मऊ असतो आणि वारा लागला की कठीण होतो; म्हणजे नव्याने नोकरीला लागलेल्या प्राध्यापकासारखा. मलबारातला हा दगड पाहून बुकानन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १८०७ मध्ये त्याला विटेवरून लॅटिन नाव दिले. रंग विटेचा आणि अंगावर मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे. ही छिद्रे लक्षात ठेवावीत. पुढे त्यांच्याशी गाठ आहे.

दिवाणखान्यात पाऊल टाकले आणि समोरच्या भिंतीत मला 'ती' दिसली. फायरप्लेस! तिला मराठी शब्द काय, या प्रश्नावर मी प्रवासाची दमणूक विसरलो. शेगडी म्हणावे तर ती उचलता येते. शेकोटी अंगणात असते. अग्निकुंड म्हटले की भटजी आठवतात. चूल म्हणावे तर तीवर काही शिजत नाही. जांभ्याच्या घडीव दगडांची कमान, वर सागवानी फळी, पुढे शहाबादी फरशीचा गुळगुळीत ओटा. कितीतरी इंग्रजी कादंबऱ्या मी या चौकटीसमोर बसून मनातल्या मनात वाचल्या होत्या. संध्याकाळी धुके उतरले, काचा ओल्या झाल्या आणि मी जाहीर केले, "आज इथे जाळ करायचा."

रखवालदाराने लाकडे आणून दिली. "ओली आहेत, साहेब," असे तो म्हणालाही. पण मी लहानपणी आईच्या चुलीसमोर बसून अभ्यास केलेला माणूस. मला का कुणी लाकडे पेटवायला शिकवावे? मी फुंकर घालू लागलो. कन्येने फोटो काढले. आई शाल पांघरून कोचावर बसली होती. ती म्हणाली, "धुराला वाट आहे का बघितलंस?"

"आई, याला धुराडं आहे. साहेबाने बांधलंय," मी म्हणालो.

पाचच मिनिटांत साहेबाचे धुराडे काय आहे ते कळले. धूर कमानीखालून लाटेसारखा बाहेर आला. आधी पिवळट, मग करडा, मग काळा. डोळ्यांना धारा लागल्या. मी 'आत्ता पेट घेईल' म्हणत आणखी दोन लाकडे टाकली. सौभाग्यवतींनी खिडक्या उघडल्या, कन्येने बादलीभर पाणी ओतले आणि मग त्या गडबडीत एक आवाज ऐकू आला. आई खोकत होती.

तो साधा खोकला नव्हता. आत हवाच जात नव्हती. आम्ही तिला धरून व्हरांड्यात नेले, पंपाचे औषध ओढायला लावले. त्या थंडीत, धुक्यात, रात्री दीड वाजेपर्यंत ती खुर्चीत ताठ बसून एकेक श्वास मोजून घेत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो. कुणी काही बोलत नव्हते. मधेच तिनेच म्हटले, "झोपा तुम्ही. मला सवय आहे."

सवय आहे! या दोन शब्दांचा अर्थ सांगण्यासाठी मला थोडे मागे गेले पाहिजे. चार वर्षांपूर्वी तिला प्रथम दम लागू लागला तेव्हा छातीच्या डॉक्टरांनी विचारले होते, "विडी, तंबाखूची मिश्री, काही?" आम्हाला हसू आले. सुपारीच्या खांडालाही न शिवणारी आमची आई! मग डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारला, "चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केला?" त्याचे उत्तर सोपे होते. १९७४ साली ती लग्न होऊन वाई तालुक्यातल्या आमच्या घरी आली आणि गॅसची टाकी आली १९९६ मध्ये. बावीस वर्षे, दिवसातून दोन वेळा. आणि माहेरी दहाव्या वर्षापासून भाकरी थापत होती ती निराळीच. डॉक्टरांनी कागदावर सीओपीडी अशी चार अक्षरे लिहिली. आयुष्यात एकही विडी न ओढता हा आजार होतो, आणि आपल्या देशात असा आजार झालेल्या बायका कितीतरी आहेत, हे मला त्या दिवशी कळले. गरिबांच्या घरी गॅस पोचवणारी उज्ज्वला योजना २०१६ साली आली. आईची छाती त्याच्या कितीतरी आधीच भरून झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात पाहिले तर कमानीचा विटकरी दगड हातभर उंचीपर्यंत काळाठिक्कर पडला होता. मी रसायनशास्त्राला फोन लावला.

"झडप उघडली होतीस ना?" पलीकडून प्रश्न आला.

"कसली झडप?"

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी सांगितले, की धुराड्याच्या गळ्याशी लोखंडी झडप असते. जाळ नसेल तेव्हा पाऊस आणि पाखरे आत येऊ नयेत म्हणून ती बंद ठेवतात आणि पेटवण्याआधी आतल्या दांडीने उघडतात. मी हात घालून पाहिले. दांडी होती. शंभराहून अधिक वर्षे साहेबाच्या नोकरांना माहीत असलेली ती दांडी एम. ए. झालेल्या मनुष्याला दिसली नव्हती.

रविवार दोन दिवसांवर होता. सौभाग्यवती बाजारातून ॲसिडची बाटली आणावी म्हणत होत्या. मी म्हटले, छे, काही घरगुती करू. आणि स्वयंपाकघरातून चार लिंबे आणली. तांब्याचा तांब्या लिंबाने कसा लखलखतो ते मी पाहिले होते. ओट्याच्या फरशीवर काजळीचा एक ओघळ होता, त्यावर लिंबू पिळून चोळले. बारीक बुडबुडे आले. मला वाटले, मळ निघतोय. पुसून पाहिले तर मळ तिथेच होता आणि फरशीची तुकतुकी मात्र निघून गेली होती. रुपयाएवढे पांढुरके, खरखरीत वर्तुळ.

"आंबट तांब्यापितळेला," दारातून आई म्हणाली. "दगडाला नाही लावायचं. ओट्यावर लिंबू सांडलं तर मी लगेच पुसायची, आठवत नाही?"

शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचाच दगड. आम्लाशी भेट झाली की तो विरघळतो. तो डाग नव्हताच, तो दगडाचा गेलेला तुकडा होता आणि तो परत येणार नव्हता. जांभ्याला कदाचित एवढी इजा झाली नसती, पण त्याच्या सांध्यांत जुना चुना होता. ॲसिडची बाटली आली असती तर दगड राहिले असते आणि सांधे वाहून गेले असते. हे सारे रसायनशास्त्राने नंतर सांगितले. आईला ते आधीच ठाऊक होते, फक्त तिच्याकडे त्याला नावे नव्हती.

आईने व्हरांड्याच्या दारात खुर्ची टाकायला लावली. आत ती आली नाही. तिथूनच तिने सूत्रे हाती घेतली. आधी सगळ्यांच्या नाकाला ओले फडके बांधायला सांगितले. मग मला म्हणाली, "राख काढ आधी. लोखंडी बादलीत काढ, प्लास्टिकच्या नको. राखेत विस्तव लपून बसतो."

हे तिला माहीत असायचेच. चुलीतला विस्तव रात्री राखेखाली झाकून ठेवायचा आणि पहाटे फुंकणीने फुलवायचा, हा तिचा रोजचा पाठ होता. त्याला 'विस्तव राखणे' म्हणत. राख आणि राखणे हे शब्द इतके शेजारी का बसतात, याचा विचार करायला मी हातातली सुपली खाली ठेवली, तेव्हा सौभाग्यवतींनी ती उचलून पुन्हा माझ्या हातात दिली.

पहिला नियम: काजळी कोरडी असताना पाणी लावायचे नाही. पाणी लागले की तिची शाई होते आणि ती जांभ्याच्या छिद्रांत उतरते. कन्येने काल रात्री ओतलेल्या पाण्याने खालच्या दोन दगडांचे हेच झाले होते. म्हणून मऊ कुंच्याने, वरून खाली, न दाबता झाडायचे. मग घट्ट कणकेचा गोळा दगडावर दाबायचा आणि उचलायचा, घासायचा नाही. प्रत्येक वेळी गोळा आत दुमडून स्वच्छ बाजू वर आणायची. कणीक काळी होत गेली आणि दगडाचा रंग दिसू लागला. हे ऐकून रसायनशास्त्र फोनवर खूश झाले. अमेरिकेत सिनसिनाटी शहरातला एक कारखाना भिंतीच्या कागदावरची कोळशाची काजळी टिपण्यासाठी असाच पिठाचा गोळा विकत असे, म्हणाले. घरोघरी गॅस आला, काजळी संपली, गोळ्याचा खप बसला. तेव्हा १९५६ साली तोच गोळा रंगवून मुलांचे खेळणे म्हणून बाजारात आला. आमच्या कन्येने लहानपणी ज्याचे हत्ती केले ते प्ले-डो हेच!

दुसरा नियम: ओले काम खालून वर. दगड आधी साध्या पाण्याने भिजवून घ्यायचा, म्हणजे त्याची तहान भागते आणि तो घाणेरडे पाणी पीत नाही. वरून सुरुवात केली तर काळे ओघळ खालच्या कोरड्या दगडावर उतरतात आणि तिथेच बसतात. बाजारातून रिठे आणले होते. ते रात्री भिजत घालून, सकाळी उकळून, कुस्करून गाळले. त्या फेसात नारळाची शेंडी बुडवून मी घासू लागलो. तारेचा ब्रश आईने हातात घेऊ दिला नाही. "दगडाला ओरखडे पडले की पुढच्या वेळी काजळी तिथंच धरते."

तरीही काही चट्टे हटेनात. ओले लाकूड धुमसले की त्यातून डांबरासारखे चिकट द्रव्य निघते आणि ते काजळीला दगडाशी जखडून टाकते. त्यावर आईने सांगितलेला उपाय ऐकून मी थक्क झालो. त्याच जाळाची राख! वस्त्रगाळ केलेली राख आणि थोडा खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लेप केला, चट्ट्यांवर थापला, वर ओले फडके लावून रात्रभर ठेवला. लाकडाच्या राखेत क्षार असतो आणि क्षार तेलकटाची पकड सोडवतो. हात मात्र चांगलेच चुरचुरले. सकाळी घासले तर लेपाबरोबर काळे निघून आले. मग तीन वेळा स्वच्छ पाणी. "राखेचं पाणी आत राहिलं तर वाळल्यावर दगडावर पांढरं फुलून येतं," आई म्हणाली.

जिने डाग पाडला तीच तो काढते, या विचाराने मी भारावून गेलो होतो. तसे बोलूनही दाखवले. यावर एखादा लेख होईल, असेही म्हणालो.

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तू मागं लिहिला होतास की एक. दिवाळी अंकात. आईच्या पदराला चुलीच्या धुराचा वास, असं काहीतरी."

लिहिला होता. तो लेख पुष्कळांना आवडला होता. पत्रे आली होती. चुलीवरच्या भाकरीची चव, भिंतीवर नाचणारी जाळाची सावली, पहाटेची फुंकणी, आणि शेवटी तो पदर. मी अंक आईला नेऊन दिला होता. तिने चष्मा लावून पूर्ण वाचला होता आणि 'चांगला आहे' म्हणून देवाजवळ ठेवला होता.

"छान लिहिलं होतंस," आई म्हणाली. "पण मला त्या वासाचा फार कंटाळा होता रे. लुगडं धुतलं तरी जायचा नाही. लग्नाकार्यात बायकांच्यात बसायची लाज वाटायची."

तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. बाजारात भेंडी महाग झाली, हे सांगावे तसे सांगितले. मी नारळाची शेंडी हातात घेऊन तसाच बसून राहिलो.

मग ती कमानीकडे पाहत म्हणाली, "साहेब इथं वर्षाचे किती दिवस शेकत असेल?"

"उन्हाळ्यात नि पावसाळ्यानंतर यायचे ते. शेकत असतील महिनाभर."

"महिनाभर शेकायला एवढं धुराडं."

पुढचे वाक्य तिने उच्चारले नाही. ते माझ्याजवळ आपोआप आले. आमच्या स्वयंपाकघराला धुराडे नव्हते. दोन कौले सरकवून ठेवलेली असत आणि पावसाळ्यात तीही बंद करावी लागत. मी चौथीत असताना गावात सरकारची निर्धूर चूल आली होती. सिमेंटचा नळ बसवून दिला होता. वर्षभर बरे चालले. मग नळ आतून काजळीने बुजला. तो साफ करायला छपरावर चढावे लागे. वडील म्हणत, रविवारी बघू. मी घरातला थोरला मुलगा. आठवी-नववीत झाडावर सरसर चढत होतो. पण छपरावर चढून त्या नळात बांबू घालावा, हे मला एकदाही सुचले नाही. आई चुलीला रोज पोतेरे घालत होती, भांडी काळी होऊ नयेत म्हणून त्यांच्या बुडाला बाहेरून ओल्या राखेचा लेप देत होती, कोनाड्यातली काजळी पुसत होती. तिच्या हाताला पोचेल तेवढे सगळे ती स्वच्छ ठेवीत होती. धुराची वाट तेवढी तिच्या हाताच्या वर होती, आणि ज्यांचे हात तिथे पोचत होते ते खाली बसून अभ्यास करीत होते. पुढे त्यांनी त्या धुरावर लेख लिहिले.

मी आईची क्षमा मागायला हवी होती. पण आपल्या घरांतून आई-मुलांत अशी क्षमा मागण्याची पद्धत नाही. मी उठलो, लांब काठीला फडके बांधले आणि धुराड्यात खालून जेवढे शिरता येईल तेवढे शिरून झडपेच्या आसपासची जुनी काजळी काढू लागलो. त्याची काहीच गरज नव्हती, असे सौभाग्यवती म्हणाल्या. बाहेर आलो तेव्हा कन्येने फोटो काढला आणि आई दोन दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणी हसली. हसता हसता खोकली.

रविवारी मावशी आल्या. मी झालेला प्रकार लपवला नाही. दगडावरून हात फिरवून त्या म्हणाल्या, "अहो, ही तर आधीपेक्षा स्वच्छ दिसते!" खालच्या दोन दगडांत पाण्याबरोबर मुरलेली छटा राहिली होती, ती जाणार नाही, असे आईने त्यांना आधीच सांगितले. लिंबाचे वर्तुळही मी दाखवले. त्यांनी त्यावर पितळी कुंडी सरकवली आणि आईला विचारले, "ही राख कुठली हो? आमच्या समया घासायला थोडी ठेवाल का?" मग दोघी म्हाताऱ्या राखेवर, रिठ्यांवर आणि हल्लीच्या साबणांच्या निकृष्टपणावर तासभर बोलत बसल्या.

दगडाचे एक बरे असते. तो बाहेरून काळा झाला तर कुंचा, कणीक, रिठा, राख, काहीतरी चालते. बावीस वर्षांचा धूर ज्या ठिकाणी जाऊन बसला आहे तिथे कुठलाच लेप पोचत नाही. डॉक्टरांचा पंप तेवढा श्वासाला थोडी वाट करून देतो.

घरी परतल्यावर आठवड्याने दिवाळी आली. पहिल्या पणत्या लावल्या आणि सवयीने एक खिडकीत, आईच्या खाटेजवळ ठेवली. वारा आतल्या अंगाला होता. ज्योत वाकली आणि तिच्या टोकाशी काजळीची एक बारीक काळी रेघ हलू लागली. आई काही बोलली नाही. मी पणती उचलली आणि बाहेर, कठड्याच्या पार पलीकडच्या टोकाला नेऊन ठेवली. तिथूनही ती छान दिसत होती.